गोळीचे गणित आणि दरीतला वारा

कोलोरॅडोतल्या एका दरीच्या अलीकडच्या कडेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३००० मीटर उंचीवर, ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी मी माझ्या एका सहकाऱ्याशेजारी पालथा पडलो होतो. मी शिकारी नाही. डोंगर पाहायला आणि थोडेफार सामान वाहायला गेलो होतो. पलीकडच्या उतारावर एल्कचा एक नर चरत होता. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या गोतातले, पण त्याहून बरेच थोराड हरीण. लेझर रेंजफाइंडरने अंतर ४५० मीटर दाखवले. सहकाऱ्याने खिशातून हवामान मोजण्याचे छोटे यंत्र काढून हवेत धरले, त्यातला वारा, तापमान आणि हवेचा दाब फोनवरच्या बॅलिस्टिक ॲपमध्ये, म्हणजे गोळीच्या मार्गाचा हिशेब करणाऱ्या ॲपमध्ये, आपोआप गेला आणि नेम किती सरकवायचा याचा आकडा क्षणात आला, दशांश चिन्हासकट. त्याने स्कोपवरची, म्हणजे रायफलीवरच्या दुर्बिणीवरची, नेम सरकवणारी चकती तेवढे खटके फिरवली. माझ्या तोंडासमोरचे गवत डावीकडून उजवीकडे लवत होते, आणि पलीकडच्या उतारावर ॲस्पनची उरलीसुरली पिवळी पाने नेमकी उलट दिशेने उडत होती. मला ते दिसले, पण त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही. बार झाला, एल्क दचकला आणि झाडीत शिरला. अंधार पडेपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी सकाळभर आम्ही माग शोधला. रक्त नाही, केस नाहीत. ‘साफ हुकली’ असे सहकारी आजही म्हणतो. मला तशी खात्री देता येत नाही.

त्या दिवसानंतर मी या ॲपमागचे गणित समजून घेतले, कारण गणित आणि सॉफ्टवेअर हा माझ्या पोटापाण्याचा भाग आहे. त्यातून माझे जे मत झाले ते असे. हे ॲप गोळी काय करेल हे फार चांगले सांगते, वारा काय करतो आहे हे मात्र त्याला माहीत नसते. आणि पहिल्या गोष्टीतल्या अचूकतेमुळे दुसऱ्या गोष्टीतले अज्ञान झाकले जाते. म्हणून शिकारीत त्याचा उपयोग अंतर वाढवण्यासाठी होऊ नये, कोणत्या अंतरापलीकडे चाप ओढायचा नाही हे ठरवण्यासाठी व्हावा. अमेरिकेतल्या राज्यांच्या नियमांनी, शिकारी-शिक्षणाने आणि ॲप तयार करणाऱ्यांनीही हीच दिशा धरायला हवी.

मराठी वाचकाच्या मनात याआधीच एक प्रश्न उभा राहिला असेल, तो बाजूला सारणे बरे नव्हे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ९ ने शिकारीला मनाई आहे, त्यामुळे ‘शिकार नीट कशी करावी’ हा प्रश्नच अनेकांना खटकेल. परंतु कोलोरॅडोत परिस्थिती निराळी आहे. अमेरिकेत सर्वाधिक एल्क याच राज्यात आहेत, कोणत्या भागात किती परवाने द्यायचे हे राज्याचे वन्यजीव खाते कळपांच्या संख्येवरून ठरवते, आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार रायफली आणि काडतुसांवर लागणारा ११ टक्के कर वन्यजीव संवर्धनाकडे जातो. शिकार मुळात असावी की नसावी हा वाद मोठा आहे आणि तो इथे निकाली निघणार नाही. जिथे ती कायद्याने चालते आणि जिथे आता आपलीही माणसे परवाना काढून डोंगरात जाऊ लागली आहेत, तिथे जनावर एका गोळीत पडावे, जखमी होऊन झाडीत जाऊ नये, याबद्दल शिकारी आणि शिकारविरोधक यांच्यात मतभेद असण्याचे कारण नाही. हा लेख तेवढ्याच पुरता आहे.

आता गणिताकडे. नळीतून बाहेर पडल्या क्षणापासून गोळी खाली पडू लागते आणि हवा तिला मागे खेचू लागते. हवेचा हा विरोध किती मोठा असतो, हे १७४२ मध्ये बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने दाखवून दिले आणि तोफांचे गोळे नेमक्या परवलयाच्या वक्रात जातात ही सोयीची समजूत मोडीत काढली. तेव्हापासून पुढची दोनशे वर्षे या गणिताने माणसांना घाम फोडला. एका मिनिटाच्या उड्डाणाचा मार्ग हाताने काढायला कुशल गणनिकाला वीस तास लागत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अमेरिकी लष्करासाठी बांधलेला आणि १९४६ मध्ये जगासमोर आलेला एनिॲक हा संगणक तेच काम अर्ध्या मिनिटात करू लागला. संगणकयुगाच्या जन्माचे एक निमित्त गोळामारीची कोष्टके हे होते. आज ते कोष्टक फुकट किंवा किरकोळ किमतीत खिशात बसते. त्याला नाके मुरडण्यात अर्थ नाही.

नाके मुरडू नयेत याला आणखी एक कारण आहे. ॲप नव्हते तेव्हा शिकारी काय करत होते? ‘लांब दिसतंय, पाठीच्या रेषेवर धर’ असे म्हणून बार काढत होते. अंतराचा अंदाज डोळ्याने, गोळी किती खाली येईल याचा अंदाज काकांनी सांगितलेल्या आठवणीवरून. त्या पद्धतीने किती जनावरे मोडक्या पायांनी झाडीत गेली याची नोंद कोणी ठेवली नाही, म्हणून जुना काळ सोवळा ठरत नाही. लेझर रेंजफाइंडर आणि ॲप यांनी मिळून अंतराची आणि गोळीच्या पतनाची चूक जवळजवळ संपवली आहे, हे मान्य केल्याशिवाय पुढची टीका प्रामाणिक ठरणार नाही.

हवामानाचेही काही भाग ॲप खरोखर चोख हाताळते. हवेची घनता घ्या. समुद्रसपाटीवर प्रमाण हवेची घनता घनमीटरला १.२२५ किलो असते; ३००० मीटरवर ती ०.९१ च्या आसपास येते, म्हणजे सुमारे चतुर्थांशाने कमी. विरळ हवेत गोळी कमी अडते. ६.५ क्रीडमूर हे आज अमेरिकेत फार चालणारे काडतूस धरले, १४३ ग्रेनची (सुमारे सव्वानऊ ग्रॅमची) गोळी आणि सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेग धरला, तर ४५० मीटरवर समुद्रसपाटी आणि ३००० मीटर उंची यांच्यातला पतनाचा फरक दहा सेंटिमीटरच्या आसपास येतो. टेक्सासच्या सखल भागात नेम बसवून कोलोरॅडोच्या डोंगरात येणाऱ्याला हा फरक ॲपशिवाय सहज कळणार नाही. आर्द्रतेबद्दल मात्र उगाच भीती बाळगली जाते. पावसाळी दमट हवा आपल्याला जड वाटते, म्हणून गोळीही तिच्यात जास्त अडेल असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते आणि दमट हवेत गोळी किंचित कमीच अडते. तो परिणाम इतका क्षुल्लक आहे की आर्द्रतेचा रकाना रिकामा सोडला तरी एल्कला फरक पडत नाही.

पण याच चोख भागातही माणूस ॲपला फसवू शकतो, आणि ही चूक इतकी सर्रास होण्याजोगी आहे की ती सविस्तर सांगतो. हवामान खाते जो हवेचा दाब जाहीर करते तो समुद्रसपाटीला आणून सुधारलेला असतो, कारण त्याशिवाय दोन गावांच्या दाबांची तुलना करता येत नाही. डेन्व्हर १६०० मीटर उंचीवर आहे. तिथला प्रत्यक्ष दाब साधारण ८३५ ते ८४० हेक्टोपास्कल असतो, पण बातम्यांत तो १०१५ च्या घरात सांगितला जातो. ॲपला हवा असतो प्रत्यक्ष दाब. बातम्यांतला आकडा त्या रकान्यात भरला की ॲप समजते आपण समुद्रकिनारी उभे आहोत, आणि ३००० मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला दहा सेंटिमीटर वर नेम धरायला लावते. तीच गत वेगाची. काडतुसांच्या खोक्यावर छापलेला वेग कारखान्याच्या चाचणीच्या नळीतला असतो, आपल्या नळीतला नव्हे. तो स्वतः यंत्राने मोजावा लागतो. शिवाय काही दारू थंडीत मंद जळते, आणि उन्हाळ्यात मोजलेला वेग ऑक्टोबरच्या पहाटे सेकंदाला दहा-पंधरा मीटरने घसरू शकतो. ॲप यातले काहीही विचारून खात्री करत नाही. दिलेला आकडा ते खरा मानते. कारकुनासारखे.

हे सारे दोष माणसाने सुधारण्याजोगे आहेत. वाऱ्याचा प्रश्न जातीने निराळा आहे.

आडवा वारा गोळीला ढकलतो हे सर्वांना माहीत असते, पण तो कसा ढकलतो याची कल्पना बहुधा चुकीची असते. वरच्याच गोळीला ३००० मीटर उंचीवर ४५० मीटर अंतर कापायला सेकंदाचे सहा दशांश, किंवा थोडे अधिक, लागतात. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा एवढ्या वेळात वाळलेले पान पावणेतीन मीटर वाहून नेईल. गोळी मात्र सुमारे ३० सेंटिमीटरच सरकते. कारण असे की गोळी वाऱ्याबरोबर वाहत नाही. हवेने तिला जितका उशीर केला, म्हणजे निर्वात जागेत ती जेवढ्या वेळात पोहोचली असती त्याहून जेवढा वेळ जास्त लागला, तेवढ्याच वेळापुरता वारा तिच्या खात्यात जमा होतो. हा नियम देखणा आहे, आणि त्याचा एक परिणाम शिकाऱ्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे: अंतर दुप्पट झाले की वाऱ्याने होणारे सरकणे चौपटीच्याही थोडे पुढे जाते.

आता शिकाऱ्याची वाऱ्याच्या अंदाजातली चूक ताशी ८ किलोमीटर धरू. दरी-डोंगरात ही चूक मुळीच मोठी नाही. २०० मीटरवर तिची किंमत दोन-अडीच सेंटिमीटर होते. कोणाच्या लक्षातही येणार नाही. ४५० मीटरवर तीच चूक १५ सेंटिमीटरची होते. हरणाच्या छातीतला हृदय आणि फुप्फुसांचा भाग २० ते २५ सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे मध्यापासून काठ दहा-बारा सेंटिमीटरवर. नेम अगदी मधोमध धरला, हात जराही हलला नाही, रायफल निर्दोष असली, तरी गोळी त्या भागाच्या बाहेर जाते: पोटात किंवा खांद्याच्या पुढे. एल्कची छाती मोठी, तिथे गोळी कदाचित काठावर लागेल. आणि वारा मध्येच उलटा वाहत असेल, आमच्या दरीत होता तसा, तर चूक ताशी ८ ची उरतच नाही.

ॲपला हे का कळत नाही? कारण त्याला वारा फक्त शिकाऱ्याच्या मुठीपाशी ठाऊक असतो. दरीत सकाळी ऊन चढले की उतारावरची हवा तापून वर चढते, आणि सूर्य कलला की तीच हवा गार होऊन खाली ओघळते. एक उतार उन्हात आणि दुसरा सावलीत असला की दोन्हीकडचे वारे एकमेकांच्या विरुद्ध असू शकतात. एल्क बाहेर चरायला येतात ते नेमके याच संधिवेळी, आणि शिकारीचे वैध तासही सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत असतात. म्हणजे वारा सर्वांत बेभरवशाचा असतो तेव्हाच बार होतात. जाणकार नेमबाज दुर्बिणीतून हवेचे थरथरणे पाहून मधल्या टप्प्यातला वारा वाचतात. त्या थरथरीला आपल्या भाषेत मृगजळ म्हणतात आणि त्या शब्दातच हरीण बसले आहे, हा एक योगायोग. पण तापलेल्या जमिनीशिवाय मृगजळ दिसत नाही, आणि ऑक्टोबरच्या थंड संध्याकाळी ते मदतीला येत नाही.

यातला विरोधाभास ॲपच्या पडद्यावरच दिसतो. पुष्कळशी ॲप अक्षांश आणि नेमाची दिशा विचारतात, कारण पृथ्वीच्या फिरण्यामुळे गोळी किंचित बाजूला आणि वर-खाली सरकते. कोलोरॅडोच्या अक्षांशावर ४५० मीटरला हे बाजूला जाणे जेमतेम सव्वा सेंटिमीटर असते. पृथ्वीच्या परिवलनाचा सव्वा सेंटिमीटर हिशेबात धरलेला पाहून माणसाला वाटते की आता काहीच सुटलेले नाही. सुटलेले असते ते दरीच्या मधोमध, पंधरा-वीस-तीस सेंटिमीटरचे, आणि त्याला बहुधा रकानाच नसतो. खरे म्हणजे जनावराच्या पुढच्या पावलालाही रकाना नसतो. सहा दशांश सेकंदात रमतगमत चालणारे हरीण पाऊण मीटर पुढे गेलेले असते. चाप ओढल्यानंतर त्याने एक पाऊल टाकले तर छातीवर धरलेला नेम पोटावर उतरतो. हा धोका २०० मीटरवरही असतो, पण तिथे तो निम्म्याहून कमी असतो.

माझ्या या म्हणण्यावर लांब पल्ल्याच्या नेमबाजांचे उत्तर ठरलेले आहे: सराव असेल तर वारा वाचता येतो. ते खरे आहे, आणि सराव म्हणजे काय ते कोल्हापूरकडे पाहिले की कळते. २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन (पालथे पडून नेम धरण्याच्या) प्रकारात तेजस्विनी सावंत जगज्जेत्या झाल्या. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकच्या ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये (गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून) कांस्यपदक मिळवले. या प्रकारात अंतर ५० मीटर, लक्ष्य जागचे हलत नाही, आणि मधल्या पट्ट्यात वारा दाखवणाऱ्या झेंड्या लावलेल्या असतात. तरी झेंडी चुकीची दिसली की नेमबाज रायफल खाली घेतो, थांबतो, पुन्हा धरतो. हाताशी मोबाइल नसतो. जगातल्या अव्वल माणसांना, झेंड्या लावलेल्या मैदानावर, ५० मीटरवर, हजारो फैरींच्या सरावानंतर वाऱ्यासाठी थांबावे लागते. वर्षातून एकदा सुट्टी काढून डोंगरात येणाऱ्या माणसाने बिनझेंड्यांच्या दरीत त्याच्या नऊपट अंतरावर फोन पाहून चाप ओढावा, याला कौशल्य म्हणायला माझी जीभ रेटत नाही. हुकल्यावर नेमबाजाचे गुण जातात. इथे कोणाचे काय जाते ते सांगायला नको.

दुसरे उत्तर अधिक विचार करायला लावणारे आहे. ॲपने अचूकता वाढली, म्हणजे जखमी होणारी जनावरे कमी व्हायला हवीत, असे त्याचे समर्थक म्हणतात. अंतर तेच राहिले असते तर त्यांचे म्हणणे निर्विवाद होते. पण घाटातला रस्ता रुंद आणि गुळगुळीत केला म्हणून गाड्या पूर्वीच्याच वेगाने जास्त सुरक्षित जात नाहीत, त्या वेगाने जाऊ लागतात. हातात आलेली सुरक्षितता माणूस वेगात खर्च करतो. तसेच इथे होते. ॲपने दिलेली अचूकता शिकारी अंतरात खर्च करतो. ज्याचा आजोबा २०० मीटरवर बार काढत होता तो ४५० मीटरवर काढतो, आणि पतनाची जुनी चूक जाऊन तिच्या जागी वाऱ्याची नवी चूक येऊन बसते.

यातून आणखी एक गोष्ट हातची जाते, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. शिकाऱ्याच्या लेखी वारा हा मुळात गोळीचा प्रश्न नव्हताच, तो वासाचा प्रश्न होता. एल्कला माणसाचा वास फार लांबून येतो. म्हणून जवळ जाणाऱ्याला वारा तोंडावर ठेवावा लागतो, उतारावरची हवा केव्हा फिरेल हे ओळखावे लागते, आणि ती फिरली की दोन तासांची चाल सोडून मागे यावे लागते. आपल्याकडे पारध करणाऱ्या जमातींना वाऱ्याची ही बाजू पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. असा माणूस दरीतला वारा अंगाने शिकतो. अर्धा किलोमीटर अलीकडेच पालथे पडायचे ठरवले की ही विद्या अनावश्यक होते, आणि गोळीचा वारा वाचायला लागणारी नजर ज्या चालण्यातून येते ते चालणेच संपते. ॲपवर विसंबणाऱ्याला ॲपची चूक पकडण्याची पात्रता येत नाही. आमच्या दरीत पाने उलटी उडत होती ती सहकाऱ्याला दिसली नाहीत, कारण तो पडद्याकडे पाहत होता. हा दोष त्याच्या एकट्याचा आहे असे मला वाटत नाही.

मग कायद्याने काय करावे? बंदी घाला, असे म्हणणे सोपे आहे. २०१३ मध्ये टेक्सासमधल्या ट्रॅकिंगपॉइंट नावाच्या कंपनीने स्कोपमध्ये संगणक बसवलेली रायफल बाजारात आणली. जनावरावर खूण करायची, चाप दाबून धरायचा, आणि नळी योग्य जागी आली की रायफल स्वतः बार काढते. किंमत वीस हजार डॉलरच्या पुढे. गंमत म्हणजे या रायफलीलाही वारा माणसानेच सांगावा लागे. कोलोरॅडोने अशा स्मार्ट रायफलींना शिकारीत मनाई केली आहे, आणि त्या व्याख्येत लक्ष्याचा माग ठेवणारी यंत्रणा, संगणकाने चालणारा चाप यांच्या जोडीला बॅलिस्टिक संगणक बसवलेली बंदूकही येते. म्हणजे तोच संगणक बंदुकीला जोडला तर गुन्हा, आणि खिशात ठेवला तर काहीच नाही. वरवर पाहता ही विसंगती वाटते, आणि ती दूर करण्यासाठी फोनवरही बंदी आणा असे कोणी म्हणेल.

मला ती रेघ योग्य जागी आहे असे वाटते. फोनवरची बंदी अमलात येणार नाही. डोंगरात कोणाचा फोन कोण तपासणार? आणि फोन काढून घेतला तरी तेच कोष्टक कागदावर छापून रायफलीच्या दस्त्याला चिकटवता येते, कित्येक जण तसे करतातही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे फोनवरचा आकडा वाचणे, तो पटतो का पाहणे, मग हाताने चकती फिरवणे, या तीन कृतींच्या मध्ये माणसाला ‘नको’ म्हणायला जागा असते. स्कोपमध्येच उजळलेला ठिपका ‘इथे धर’ म्हणू लागला की ती जागा नाहीशी होते. फोनमधला आकडा बिनतारी जोडणीने थेट स्कोपच्या काचेवर उमटवणारी साधने आता मिळतात. ती खिशातली मानायची की बंदुकीला जोडलेली, याचे उत्तर नियमांनी निःसंदिग्ध द्यावे, आणि ते ‘जोडलेली’ असेच असावे.

अंतरावर मर्यादा घालणारा नियमही तपासायला तितकाच अशक्य. पण एक तपशील सूचक आहे. कोलोरॅडोच्या नियमांत एल्कसाठी गोळी किमान ८५ ग्रेनची आणि १०० यार्डांवर तिची ऊर्जा किमान १००० फूट-पौंड असावी लागते. नियम लिहिणाऱ्यांनी मोजमापासाठी १०० यार्ड, म्हणजे ९१ मीटर निवडले. आज त्याच्या पाचपट अंतर मनात धरून रायफली आणि ॲप विकली जातात, आणि नियम मात्र जुन्याच अंतराच्या हिशेबाने बोलतो. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तिथे शिकारी-शिक्षणाचा दाखला लागतो, पण तो एकदा मिळाला की जन्मभर चालतो. याउलट नॉर्वेत मोठ्या जनावरांच्या शिकाऱ्याला दर वर्षी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते, १०० मीटरवर पाच फैरींची. शिवाय जखमी जनावराचा माग काढणारे प्रशिक्षित कुत्रे उपलब्ध असल्याची सोय आधी करून ठेवावी लागते. ही दुसरी अट मला फार शहाणपणाची वाटते. चाप ओढण्याआधीच ‘हुकली तर काय’ याची तजवीज करायला ती भाग पाडते. कोलोरॅडोतही जखमी जनावराचा पाठलाग करण्याचे बंधन शिकाऱ्यावर आहे, पण ते बार झाल्यानंतरचे आहे, आणि अर्धा किलोमीटर रुंद दरी ओलांडून जाईपर्यंत अंधार पडलेला असतो, हे मी स्वतः पाहिले आहे.

शिकाऱ्यांच्या स्वतःच्या संस्थांनी या बाबतीत कायद्याच्या पुढे पाऊल टाकले आहे. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये स्थापन केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने लांब पल्ल्याच्या बारांबद्दल आपली भूमिका जाहीर केली आहे. किती मीटर म्हणजे लांब हे क्लब सांगत नाही. हेतू काय आहे यावर बोट ठेवतो. जनावराच्या जवळ जाण्याची इच्छाच नसेल आणि आपले साधन किती लांब पोहोचते हे जिवंत लक्ष्यावर आजमावायचे असेल, तर त्याला शिकार म्हणू नये, असा त्याचा आशय आहे. भूमिका मला पटते, पण हेतू मोजता येत नाही आणि मनुष्य स्वतःच्या हेतूबद्दल फार उदार असतो. सहकाऱ्याला विचारले असते तर त्याने जवळ जायची इच्छा होती असेच सांगितले असते, आणि ते खोटेही नव्हते. संध्याकाळ होत आली होती एवढेच.

म्हणून माझी मुख्य मागणी ॲप तयार करणाऱ्यांकडे आहे, कारण तिथे बदल करणे सर्वांत सोपे आहे आणि लागणारे गणित तयार आहे. दिलेल्या अंतरावर, अमुक आकाराच्या लक्ष्यावर, वाऱ्याच्या अंदाजात अमुक चूक धरली तर शंभरात किती गोळ्या लागतील, हा हिशेब या क्षेत्रातले तज्ज्ञ नेहमी करतात. त्यासाठी स्वतंत्र सॉफ्टवेअरही मिळते. पण शिकाऱ्याच्या हातात येतो तो एकच आकडा, दशांश चिन्हासह, जणू त्यात शंकेला जागा नाही. शिकारीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक ॲपने जनावर निवडल्यावर आणि अंतर भरल्यावर चकतीचा आकडा देण्याआधी ही शक्यता दाखवावी. वाऱ्याची चूक शून्य धरण्याची मुभा देऊ नये. आणि जनावराच्या छातीच्या आकृतीवर एका ठिपक्याऐवजी गोळ्यांचा संभाव्य फैलाव रंगवून दाखवावा. २०० मीटरवर तो फैलाव छातीच्या आत बसलेला दिसेल, ४५० मीटरवर तो पोटावर पसरलेला दिसेल. हवामान खातेसुद्धा पावसाची शक्यता टक्क्यांत सांगते. ज्या सॉफ्टवेअरच्या आकड्यावर जिवंत प्राण्याचे मरण नेटके होणार की हालाचे हे ठरते, त्याने तेवढे करावे ही अपेक्षा जास्त नाही. यामुळे काही जण बार काढायचे थांबतील, काही जण तरीही काढतील, पण ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणता येणार नाही.

शिकारी-शिक्षणाच्या वर्गातही हे ॲप आणावे असे मला वाटते, बंदुकीशिवाय. प्रत्येकाने स्वतःच्या रायफलीचा मोजलेला वेग भरावा, वाऱ्याची चूक ताशी ८ किलोमीटर धरावी, आणि कोणत्या अंतरावर गोळी छातीबाहेर पडते ते काढावे. ज्याचे त्याचे अंतर निराळे येईल. मी सहकाऱ्यासाठी हे गणित केले तेव्हा हात हलण्याची आणि रायफलीची चूक मिळवून ते हरणाला २७५ मीटरच्या आसपास आले. त्याने वाद घातला, आकडे पुन्हा भरून पाहिले, एल्कसाठी थोडे अधिक मिळवले. पुढच्या हंगामात दस्त्यावर चिकटवलेल्या कोष्टकातल्या ३०० च्या पुढच्या ओळी त्याने कात्रीने कापून टाकल्या होत्या. त्या हंगामात त्याला एल्क मिळाला नाही.